निवारा नाल्याच्या अलीकडे हवा

(फुलसावंगी गटातील सभासदांसाठी ऊस विकास विभागाकडून)



पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या विभागाचा लेख आला म्हणजे त्यात काय असणार, हे आपण वाचायच्या आधीच ओळखता. बेणेप्रक्रिया, खोडव्याची भर, हुमणीचा बंदोबस्त, सरीत तुंबलेले पाणी काढून देणे. यंदाही ते सगळे आहेच, पुढच्या अंकात सविस्तर देऊ. या वेळी मात्र ऊस थोडा बाजूला ठेवून उसाच्या मालकाविषयी चार शब्द लिहायचे ठरवले आहे. पुरात ऊस आडवा झाला, गाळ बसला, तरी बुडखा जिवंत असला तर खोडवा ठेवता येतो. माणसाचा खोडवा ठेवता येत नाही.

म्हणून पहिल्यांदा तीनच प्रश्न विचारतो. आज रात्री नाला फुगला तर आपल्या घरातली माणसे आणि ढोरे नेमकी कुठे जाणार? कोणत्या वाटेने जाणार? आणि ती वाट पाण्याखाली जायला किती वेळ लागतो? पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण "शाळेत" असे उत्तर देतात. दुसऱ्या प्रश्नाला थोडे थांबतात. तिसऱ्याला उत्तर येत नाही. हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे.

जवळचे दोन दाखले

उदाहरणे शोधायला लांब जायला नको. २२ जुलै २०२३ रोजी आपल्या महागाव तालुक्यात सव्वादोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. आनंदनगर तांड्याला पाण्याचा वेढा पडला. हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवण्याची वेळ आली, राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची पथके आली, माणसे बाहेर काढण्यात आली. हे सर्व आपण वाचले, ऐकले आहे. आम्ही फक्त एका आकड्याकडे लक्ष वेधतो. पहिल्या बातमीत अडकलेली माणसे पंचेचाळीस होती. नंतरच्या बातमीत तोच आकडा एकशे दहा झाला. यात कुणाला बोल लावायचा नाही. पाण्याने वेढलेल्या तांड्यात किती जीव आहेत, हे बाहेरच्याला कळणार तरी कसे? पण हिशेब करून बघा. एका फेरीत बोट आठ-नऊ माणसे आणते असे धरले, तर पंचेचाळीस माणसांना पाच-सहा फेऱ्या लागतात आणि एकशे दहांना तेरा-चौदा. तेवढ्यात दिवस मावळतो. घरांची यादी आधीच केलेली असेल तर हा हिशेब पहिल्याच निरोपात सांगता येतो.

दुसरा दाखला शेजारच्या उमरखेड तालुक्याचा. २८ सप्टेंबर २०२१ रोजी नांदेडहून नागपूरकडे निघालेली एस.टी. दहागावच्या नाल्यावर पुराच्या पाण्यात वाहून गेली आणि चार जणांचा जीव गेला. बंगालच्या उपसागरात उठलेल्या 'गुलाब' चक्रीवादळाचा उरलेला जोर त्या दोन दिवसांत मराठवाड्यावर आणि आपल्या भागावर उतरला होता. तारीख नीट बघा. पोळा होऊन तीन आठवडे झाले होते. पावसाळा सरला असे समजून आपण निर्धास्त होतो, त्याच वेळी हे घडले. आणि गाडी ओढून नेली ती पैनगंगेने नाही, नाल्याने.

विदर्भाला याहून मोठा घाव बसला आहे. ३० जुलै १९९१ रोजी नरखेड तालुक्यातल्या मोवाडला वर्धा नदीच्या पुराने घेरले आणि २०४ माणसे गेली. पुढे गाव नव्या जागी वसवावे लागले. नदी कधी कोणत्या घरापर्यंत येऊ शकते, हे जिवंतपणी ठाऊक असणे किती मोलाचे असते, ते मोवाडकरांना विचारावे.

नदीचा पूर वेगळा, नाल्याचा वेगळा

पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरातून, बुलढाणा जिल्ह्यातून निघते आणि कितीतरी मैल चालून आपल्याकडे येते. तिच्यावर इसापूरचे धरण आहे. धरणाचे दरवाजे उघडायचे असले म्हणजे काठच्या गावांना इशारा दिला जातो. तो इशारा आल्यावर थोडाफार वेळ हाती राहतो. पूस नदीचेही तसेच. ती पुसदकडून येते, पुढे पैनगंगेला मिळते. वर पाऊस किती झाला, हे फोनवर विचारता येते.

नाल्याला दरवाजा नाही आणि त्याचा इशारा देणाराही कुणी नाही. त्याचे पाणलोट आपल्याच शिवारात, आपल्याच माळावर असते. एका एकरावर चार इंच, म्हणजे शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर एका एकरात रिते केले असे समजा. एक चौरस किलोमीटर माळावर तेवढाच पाऊस झाला तर दहा कोटी लिटर होते. आपली काळी जमीन कोरडी असते तेव्हा भेगांतून पाणी पिते. पण आठ दिवस झड लागून ती फुगली की भेगा मिटतात, आणि त्यानंतर पडणारे पाणी आत शिरत नाही, वरून पळते. म्हणून जूनमधला चार इंच पाऊस आणि ऑगस्टमधला चार इंच पाऊस एक नव्हे. पहिला पेरणीच्या कामाचा, दुसरा नाला भरायचा.

आणखी एक गोष्ट. मोठी नदी तुडुंब असते तेव्हा नाल्याच्या तोंडाला तिचे पाणी आडवे येते. नाल्याचे पाणी पुढे जात नाही, फुगवटा मागे मागे चढतो. अशा वेळी आपल्या गावावर पाऊस नसतानाही लवणातल्या वावरात आणि लवणातल्या घरात पाणी येते. "पाऊस तर नाही, मग पाणी कुठून आले?" असे विचारत माणसे ओट्यावर उभी राहतात आणि हातातला वेळ निघून जातो.

वाहत्या पाण्याच्या जोराविषयीही गैरसमज फार. गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलते. दोन फूट वाहते पाणी जीप उचलते. ट्रॅक्टर जड असतो म्हणून तो जाईल, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की पुलावरचे पाणी दिसते, पुलाची खचलेली कड दिसत नाही.

सांगलीकरांचा आकडा

पुराशी रोजचा संबंध आलेले आपलेच ऊसकरी भाऊबंद कृष्णाकाठी आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर त्यांनी सोसले. त्यांच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल आहे. त्या पुलाजवळ पाण्याची पातळी फुटात मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. आम्हाला मोलाची वाटते ती त्या आकड्यामागची सवय. आयर्विनला इतके फूट झाले म्हणजे कोणत्या गल्लीत पाणी येते, हे सांगलीतल्या जाणत्या माणसाला तोंडपाठ असते. आकडा ऐकला की घरातली बाई भांडी माळ्यावर चढवू लागते. पुलावरचा आकडा आणि आपला उंबरठा यांचा संबंध लोकांनी जोडून ठेवला आहे. पुराचा नकाशा म्हणतात तो हाच. तो कागदावर नसला तरी डोक्यात पक्का आहे.

मोठ्या नद्यांसाठी जलसंपदा खात्याच्या पूररेषाही असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जाईल ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. पण आपल्या गावाच्या पोटातून जाणाऱ्या नाल्यासाठी अशी रेषा कुणी आणून देईल म्हणून वाट पाहत बसणे परवडणारे नाही.

सांगलीचा दुसरा धडा असा, की जुन्या खुणेवर पूर्ण विसंबू नये. २००५ ला पाणी जिथे थांबले तिथून वर सुरक्षित, असे धरून बसलेल्या कितीतरी घरांत २०१९ ला पाणी शिरले. म्हणून मोठ्यात मोठ्या पुराच्या खुणेवर निदान तीन फूट उंची हाताशी ठेवावी. तिसरा धडा ब्रह्मनाळचा. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या त्या गावी माणसे बाहेर काढणारी नावच उलटली आणि डझनाहून अधिक जण बुडाले. पाणी चढल्यावर माणसे हलवणे हे किती जोखमीचे काम आहे, ते यावरून कळते.

फरक मात्र विसरू नका. कृष्णा दिवसादिवसाने चढते. आपला नाला तासाभरात चढतो. सांगलीकराला गाडी भरून नातेवाइकाकडे जायला वेळ मिळतो. आपल्याला मिळतो तो कंदील, पोरे आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन निघण्याएवढाच वेळ. तेव्हा आपला निवारा चालत पोचण्याच्या अंतरावर हवा, आणि नाल्याच्या अलीकडे हवा. गावातली सर्वांत पक्की इमारत नाल्याच्या पलीकडे असेल, तर पुराच्या रात्री ती आपल्या कामाची नाही.

नकाशा आपणच काढायचा

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नेहमीच्या नकाशावर उंचीच्या रेषा वीस-वीस मीटरच्या अंतराने असतात. वीस मीटर म्हणजे पासष्ट फूट. आपल्या नाल्याचा पूर सहा-सात फुटांचा. तो त्या दोन रेषांच्या मध्ये कुठेतरी हरवून जातो. त्यामुळे मोठा नकाशा दिशा दाखवायला चांगला, पण घराघराचा हिशेब गावातच करावा लागतो. काम अवघड नाही. ऊस नोंदणीला आपले चिटबॉय ज्या पद्धतीने बांधाबांधाने फिरतात, त्याच पद्धतीने हे पाच टप्प्यांत होते.

पहिला टप्पा, कागद. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा मिळतो. त्यावर गट क्रमांक असतात, नाला असतो, पांदण रस्ते असतात. आमच्या नोंदणी वहीत कोणत्या गटात ऊस उभा आहे आणि तिथे ट्रॅक्टर कोणत्या वाटेने जातो, हे आधीपासूनच लिहिलेले आहे. दोन्ही कागद एकावर एक ठेवले की निम्मे काम झाले.

दुसरा टप्पा, पाण्याची खूण. पाणी कुठवर आले होते, हे गावात विचारले तर "लय आले होते" असे उत्तर मिळते. ते चालत नाही. गुडघा, कंबर, ओटा, चूल, असे माप विचारावे, आणि साल विचारावे. हे बायकांना विचारावे, कारण पाणी उंबऱ्याच्या आत आले तेव्हा पिठाचा डबा कोणत्या फळीवर ठेवला होता, ते त्यांना आठवते. भिंतीवरची गाळाची रेघ, बाभळीच्या फांदीत अडकलेले पाचट, तारेच्या कुंपणाला लोंबणाऱ्या चिंध्या, हे सगळे साक्षीदार आहेत. पूर ओसरल्यावर सर्वांत खरी साक्ष उभा ऊस देतो. पानांवर गाळ कोणत्या कांडीपर्यंत बसला त्यावरून पाण्याची उंची कळते, आणि ऊस कोणत्या अंगाला लोळला त्यावरून पाण्याच्या लोंढ्याची दिशा कळते. आठ दिवसांत पुन्हा पाऊस होऊन पाने धुतली जातात. म्हणून पूर उतरला की पंचनाम्याची वाट न बघता आधी ही खूण वहीत लिहावी.

तिसरा टप्पा, उंची. यासाठी इंजिनिअर बोलवायची गरज नाही. गवंडी जी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो ती पुरे. नाल्याच्या पुलाचा कठडा हा आपला शून्य समजावा. तिथून नळीने एक-एक टप्पा घेत शाळेचा ओटा, समाजमंदिराचा ओटा, लवणातल्या घरांचे उंबरे, हातपंपाचा चबुतरा, हे पुलापेक्षा किती फूट वर किंवा खाली आहेत ते मोजून लिहावे. डोळ्याला जे टेकाड वाटते ते कधी कधी नळीला टेकाड वाटत नाही. डोळ्यावर विश्वास ठेवू नये, पाण्यावर ठेवावा. पाणी आपली पातळी खोटी सांगत नाही.

चौथा टप्पा, वाटा कोणत्या क्रमाने तुटतात. साऱ्या नकाशाचे काळीज हेच. गावाभोवतीच्या प्रत्येक ओलांडणीला, मग ती मोरी असो, फरशी असो की नुसती पायवाट, क्रमांक द्यावा. सर्वांत आधी कोणती बुडते, तिच्यानंतर कोणती, आणि पहिली बुडाल्यावर दुसरी बुडायला किती वेळ लागतो, हे माहीतगारांना विचारून लिहावे. पहिली मोरी बुडाली की कोणत्या वस्तीचा निवाऱ्याशी संबंध तुटतो, ते मग आपोआप दिसते. त्या वस्तीला "शाळेत या" असे सांगणे म्हणजे तिला पाण्यात ढकलणे होय.

पाचवा टप्पा, घरांची यादी. प्रत्येक वस्तीवर किती घरे, किती माणसे, किती ढोरे. अंथरुणाला खिळलेले बुढे माणूस कुठे आहे, दिवस भरलेली बाई कुठे आहे, तान्हे मूल कुठे आहे, कोण अपंग आहे. ही माहिती आशाताई आणि अंगणवाडीताईंपाशी असतेच. ती वर्षातून दोनदा नवी करून घ्यावी. आनंदनगरच्या त्या दोन आकड्यांतला फरक भरून काढणारी यादी ती हीच.

हे सगळे झाले की नकाशा फायलीत ठेवू नये. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने मोठा काढावा. दरसाल पाणी येते ती जागा निळी. आठवणीतल्या मोठ्यात मोठ्या पुराचे पाणी आले ती पिवळी. त्याहून तीन फूट वर असलेली हिरवी. बुडणाऱ्या ओलांडण्या लाल, त्यांच्या क्रमांकासह. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही तो कळला पाहिजे. आणि पुलाच्या खांबावर फुटाफुटाच्या पट्ट्या रंगवाव्यात. पट्टी तीनवर पाणी आले की लवणातली घरे निघाली, पाचवर आले की दुसरी वस्ती निघाली, असे जे काही मापाने ठरेल ते त्या नकाशाखाली लिहावे. मग आपल्यालाही आपला आयर्विनचा आकडा मिळेल.

मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे सरकारी दफ्तरी अतिवृष्टी होते. पण मंडळाचे पर्जन्यमापक एका जागी असते आणि ढग आपल्या माळावर फुटतो. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा एखादा डबा उघड्यावर ठेवून पट्टीने पाणी मोजले तरी तेवढ्यापुरते पर्जन्यमापक झाले. कोणत्या पावसाला पुलावर किती पट्ट्या पाणी आले, हे दोन पावसाळे वहीत लिहा. तिसऱ्या पावसाळ्यात डब्याकडे बघूनच गावाला कळेल.

निवारा निवडताना

निवारा म्हटला की शाळा, समाजमंदिर, सभागृह, सोसायटीचे गोदाम, एवढीच नावे पुढे येतात. यांपैकी कोणतेही चालेल, पण पुढच्या कसोट्यांना उतरले तर. ओटा मोठ्या पुराच्या खुणेपेक्षा तीन फूट उंच आहे का? तिथवर जाणारी वाट लाल ओलांडणीवरून जात नाही ना? छप्पर गळत नाही ना? हातपंप पाण्याखाली जात नाही ना? बायकांसाठी संडास आणि वेगळी खोली आहे का? पुराच्या पाण्याबरोबर साप-विंचूही कोरडी जागा शोधतात, तेव्हा उजेडाची सोय आहे का?

जागेचा हिशेबही करावा. मदतकार्यातला जगभर मानला जाणारा दंडक माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे सुमारे अडतीस चौरस फूट जागेचा आहे. वीस बाय पंचवीसच्या वर्गखोलीत त्या हिशेबाने तेरा माणसे नीट राहतात. एका रात्रीसाठी दाटीवाटीने दुप्पट बसतील. तीन खोल्यांच्या शाळेत दोनशे माणसे "सोय केली आहे" असे लिहिणे म्हणजे कागदाची सोय झाली, माणसांची नाही.

आणि किल्ली? मास्तर तालुक्याला राहतात, किल्ली त्यांच्या खिशात असते. रात्री दोनला कुलूप कोण उघडणार? एक किल्ली शाळेजवळच्या घरी, एक पोलीस पाटलांकडे, असे ठरवून घ्यावे. एवढी लहान बाब, पण सगळी योजना तिच्यावर अडू शकते.

ज्या गावाच्या मधून नाला जातो त्याला एक निवारा पुरत नाही, दोन्ही काठांना एकेक लागतो. नाल्यापलीकडच्या तांड्यालाही त्याचा स्वतःचा लागतो. तिथे पक्की इमारत नसेल तर उंच टेकाडावर पत्र्याची एक शेड, एक हातपंप आणि दोन संडास, एवढ्यानेही जीव वाचतो. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर तिथे किनाऱ्यावर गावोगाव उंच निवारे बांधले गेले. एरवी त्यांत शाळा भरते, सभा होतात. २०१३ ला 'फायलिन' वादळ आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसे आधी हलवली गेली, आणि मृत्यूंचा आकडा काही दहांवर थांबला. वादळाच्या आधी कुणी कुठे जायचे ते ठरलेले होते, हे त्यामागचे मोठे कारण.

ढोरांचे काय?

हा प्रश्न सोडवला नाही तर बाकी सगळे व्यर्थ. शेतकरी आपली जोडी आणि दुभती म्हैस सोडून निवाऱ्यात येत नाही. त्याला दोष देता येत नाही, वर्षाची कमाई त्या दाव्याला बांधलेली असते. म्हणून निवाऱ्याजवळच ढोरांची उंच जागा हवी. बांगलादेशात किनाऱ्याच्या भागात ढोरांसाठी मातीचे मोठे उंचवटे रचलेले आहेत. त्यांना तिथे 'किल्ला' म्हणतात. शब्द आपला वाटावा असा आणि कल्पनाही आपल्याला जमण्यासारखी. शेततळ्याची किंवा नाला खोलीकरणाची माती निघते तेव्हा ती दूर फेकण्याऐवजी ठरलेल्या जागी चापून रचली, कडेने गवत लावले, तर तसाच उंचवटा आपल्याकडेही उभा राहील.

आणि शेवटची वेळ आलीच तर दावे सोडा, सुटत नसेल तर कापा. मोकळे ढोर पोहून काठ गाठू शकते, बांधलेले ढोर खुंट्यालाच बुडते. गोठ्याच्या दारात एक विळा कायम अडकवून ठेवावा.

एक कडू गोष्ट

आता जे लिहितो ते काही सभासदांना रुचणार नाही. पण पाणी का चढते, हे लिहायचे आणि ही बाब गाळायची, हे बरे नव्हे. नोंदणीला बांधाबांधाने फिरताना नाल्याची रुंदी दरसाल कमी होताना दिसते. या काठाने दोन सऱ्या पुढे, त्या काठाने दोन सऱ्या पुढे. जेसीबीने माती लोटली की पात्राचे वावर होते. साधे गणित करा. वीस फूट रुंद नाल्यात पाच फूट खोल पाणी वाहते. तोच नाला बारा फुटांचा केला तर त्याच वेगाने तेवढेच पाणी जायला आठ फुटांहून जास्त खोली लागते. वरचे तीन फूट जातात कुठे? लवणातल्या शेजाऱ्याच्या घरात. शिवाय पात्रात उभा असलेला दहा फूट उंच ऊस हा पाण्याला आडवा घातलेला कूडच असतो. मोरीच्या नळ्यांत पाचट आणि लाकडे अडकली की तोच छोटा बंधारा होतो, आणि तो फुटतो तेव्हा खालच्या वस्तीला सूचना मिळत नाही.

दोन सऱ्यांचा ऊस किती होणार? फार तर दोन-चार टन. त्यासाठी तीन फूट पाणी कुणाच्या चुलीत सोडायचे, याचा विचार ज्याने त्याने करावा. नाल्याच्या पात्रातला ऊस नोंदीला घेऊ नये, अशी शिफारस आमचा विभाग करणार आहे. ही शिक्षा नव्हे. पाण्याची वाट पाण्याला परत द्यायची, एवढेच.

मृगाच्या आधी

फुलसावंगी गटापासून सुरुवात करावी, असा आमचा विचार आहे. नोंदणीच्या वह्या आणि माणसे विभाग देईल. गावाने प्रत्येक वस्तीवरून दोन जाणती माणसे आणि एक जाणती बाई द्यावी. गवंड्याची नळी, रंग आणि तीन दिवस पुरे आहेत. मृगाआधी मोऱ्या साफ व्हाव्यात, पुलावर पट्ट्या रंगाव्यात आणि भिंतीवर नकाशा निघावा. तयार नकाशाची एक प्रत तहसील कार्यालयाला द्यावी, म्हणजे बोट मागवायची वेळ आलीच तर किती माणसे कोणत्या टेकाडावर आहेत, ते एका निरोपात सांगता येईल. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्ह्याचे प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. त्यांच्या आराखड्यात आपल्या गावची खरी माहिती आपण घातली नाही तर दुसरे कोण घालणार?

तोडणीच्या टोळ्यांसाठीही हाच नकाशा वापरावा. पाण्याची सोय जवळ म्हणून कोप्या नाल्याच्या काठीच पडतात, आणि परतीचा पाऊस गाळप हंगामाच्या तोंडापर्यंत रेंगाळतो. बाहेरगावच्या माणसाला आपला नाला ठाऊक नसतो. त्याला हिरवी जागा दाखवणे हे यजमान म्हणून आपले काम आहे.

शेवटी एकच. नकाशा काढल्याने पूर थांबत नाही. पण रात्री दोनला विजा चमकत असताना आणि वीज गेलेली असताना, कुठे जायचे हे घरातल्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असले पाहिजे. त्याने आजीचा हात धरून निघावे, आणि त्याच्या वाटेत नाला आडवा येऊ नये. एवढे जमले तर यंदाच्या पावसाळ्यात आपण शेतकरी म्हणून आणि शेजारी म्हणून मोठे काम केले असे होईल.